भाव न करणारं गिऱ्हाईक

घरातलं जुनं सामान ऑनलाइन विकायला काढणार असाल, तर आमच्या बाबांचं काय झालं ते आधी वाचा.

डायनिंग टेबलाची जाहिरात टाकली आणि चहा होतो न होतो तोच फोन. पलीकडून खणखणीत ‘जय हिंद सर’. लष्करात आहे, पुण्याला बदली झालीय, नऊ हजार मान्य, जवान टेम्पो घेऊन येईल. बाबांची सात हजारांपर्यंत खाली यायची तयारी होती. फोन ठेवल्यावर तेच म्हणाले, “यानं भाव केलाच नाही गं.” स्वयंपाकघरातून आई, “पाय डगमगतात का, एवढं तरी विचारलं का?” दोघांच्याही मनात पाल चुकचुकली होती. तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येऊन पडलं. सैनिकावर संशय कसा घ्यायचा, म्हणून दोघं गप्प बसली. भामटे गणवेश वापरतात तो याचसाठी.

मग क्यूआर कोड आला. “आमच्या खात्यातून पैसे असेच येतात सर, आधी पाच रुपयांनी बघू.” बाबांनी स्कॅन करून पिन टाकला. पाच गेले, लगेच दहा आले. पुढचा कोड नऊ हजारांचा. ते गेले ते गेलेच. “सर्व्हरचा घोळ आहे, पुन्हा स्कॅन करा, दोन्ही एकदम परत येतील.” आणखी नऊ गेले. हा सगळा वेळ फोन बाबांच्या कानाला. आई काही बोलायला लागली की तिकडचा आवाज चढायचा. शंका आली की माणूस फोन ठेवून कुणाला तरी विचारतो, आणि नेमकं तेच त्याला होऊ द्यायचं नव्हतं.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार, समोरचा काहीही सांगो.

बाबांनी आम्हाला रात्री सांगितलं. लाज वाटली म्हणे. हा उशीर फार महागात पडतो, कारण असे पैसे भराभर पुढच्या खात्यांत वळवले जातात. लगेच कळवलं तर मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. आणि रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो.