पॉइंट काढायचे, तर त्या जागी काय बसवायचं?

जुनी पद्मिनी किंवा पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर जपणारे विचारतात, इलेक्ट्रॉनिक इग्निशन कुठलं घ्यावं? मी आधी विचारतो, गाडी परभणी शहरातच फिरते की शेतावर, गावाकडंही जाते? माझं उत्तर त्यावरच ठरतं.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क. ते कॉइलचा करंट तोडतात तेव्हा कॉइल प्लगला ठिणगी देते. त्यांची दुखणी दोन. कॉइलचा तीन-चार अँपिअर करंट तोडून तोडून त्यांची तोंडं जळतात. आणि कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की फट कमी होते, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागं पडतं. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमला सेकंदाला 100 ठिणग्या मागतं, म्हणजे पॉइंट तेवढ्या वेळा उघडतात आणि मिटतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पॉइंट ठेवून ट्रान्झिस्टरचा डबा जोडणं. कॉइलचा भार डबा उचलतो, पॉइंट नुसता इशारा देतात. तोंडं जळणं जवळपास थांबतं. टाच मात्र झिजतच राहते, म्हणून फट मोजायचं फिलर गेज सुटत नाही. पण डबा बंद पडला तर वायर मूळ जागी लावायच्या, कंडेन्सर जोडायचा आणि निघायचं. आडरस्त्याला जाणाऱ्या गाडीसाठी मला आजही हेच पटतं.

रोज चालणाऱ्या गाडीला पॉइंटच्या जागी हॉल सेन्सर घ्या. शाफ्टवर चुंबकांचं कडं, समोर सेन्सर. घासणारं काहीच नाही. इंजिन कितीही हळू फिरो, इशारा तेवढाच स्पष्ट मिळतो. रिलक्टर पिकअपचं, म्हणजे दातेरी चाक आणि तारेच्या वेटोळ्याचं, तसं नाही. त्याचा इशारा वेगावर वाढतो, त्यामुळं बॅटरी उतरलेली असली की सेल्फ मारताना तो अशक्त पडतो. शिवाय त्याच्या दोन वायर उलट लागल्या तर गाडी चालू होते, पण टायमिंग चुकलेलं राहतं. ऑप्टिकल अचूक असतं, पण त्याला प्रकाश दिसावा लागतो. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत तेलाची वाफ आणि आपल्या रस्त्यांची धूळ बसली की त्याची नजर जाते. कच्च्या रस्त्याच्या गाडीला मी ते सुचवत नाही.

सीडीआयचा (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशनचा) मोह अनेकांना होतो. तीन-चारशे व्होल्टनं कपॅसिटर भरून तो झटक्यात कॉइलमध्ये सोडतात, त्यामुळं काजळलेला प्लगही पेटतो. पण ती ठिणगी फारच थोडा वेळ टिकते. साध्या कार्ब्युरेटरच्या गाडीला, विशेषतः आयडलिंगला, कॉइलमध्ये ऊर्जा साठवणाऱ्या पद्धतीची लांब ठिणगी जास्त मानवते.

काहीही घ्या, कॉइल मीटरनं मोजूनच. तीन ओहमच्या कॉइलमधून 12 व्होल्टला चार अँपिअर जातात, दीड ओहमच्या कॉइलमधून आठ. ज्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डब्यात, करंटला मर्यादा नाही, ते दीड ओहमवर जळू शकतं. मांजरसुंब्याजवळ मे महिन्यात मी चहा प्यायला उतरलो, इंजिन बंद आणि चावी मात्र चालूवर. परत आलो तर कॉइलला हात लावता येईना आणि मॉड्यूल गेलेलं. डिकीत जुन्या पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर होता म्हणून घरी पोचलो. तेव्हापासून इंजिन बंद असताना करंट आपोआप तोडणारंच मॉड्यूल घेतो, आणि ते एक्झॉस्टपासून लांब, हवा लागेल तिथं बसवतो.

पैसे काढण्याआधी कॅप उघडून रोटर धरा आणि शाफ्ट आडवा हलवून बघा. खडखडला तर शाफ्टला धरणारे बुश गेलेत. हॉल सेन्सर हे हलणं पॉइंटपेक्षा बरं सोसतो, पण टायमिंगचा डळमळीतपणा उरतोच. तेव्हा पहिला खर्च बुशांवर करा. वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी अ‍ॅडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगही बघून घ्या. आणि किट बसवल्यावर टायमिंग कानानं ठरवू देऊ नका. मिस्त्रीकडं टायमिंग लाइट असेल त्या दिवशीच गाडी न्या.