एचएस-सीआरपी चाचणी: कोणी करावी, कधी करावी, रिपोर्टात काय पाहावं

हृदयविकाराचा धोका सांगणाऱ्या रक्तचाचण्यांपैकी एचएस-सीआरपी ('हाय-सेन्सिटिव्हिटी' सीआरपी) ही खरोखर कामाची आहे, पण मोजक्याच लोकांसाठी. शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की रक्तात वाढणारं सीआरपी हे प्रथिन ती अगदी कमी पातळीवरही मोजते. सरसकट पॅकेजमध्ये ती केली तर आकडा मिळतो, निर्णय मिळत नाही.

हा दाह धमनीच्या भिंतीतलाही असू शकतो. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, धमनीच्या अस्तराखाली शिरतं. त्यामागोमाग मोनोसाइट या पांढऱ्या पेशी भिंतीत घुसतात, तिथे त्यांच्या मॅक्रोफेज होतात आणि त्या कोलेस्टेरॉल गिळत सुटतात. फुगून मेलेल्या पेशींचा मऊ गाभा साचतो. उरलेल्या पेशी जी विकरं (एन्झाइम) सोडतात त्यांनी गाभ्यावरचं आवरण पातळ होतं. ते फाटलं की रक्त थेट गाभ्याला भिडतं आणि गुठळी होते. अर्धीही न तुंबलेली धमनी अशी अचानक बंद पडू शकते, म्हणून स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली तरी पूर्ण निर्धास्त होता येत नाही.

शरीरात दाह असला की इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवतं. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर हृदयाचा निष्कर्ष काढूच नका. ताप, जखम, लघवीचा संसर्ग, पावसाळ्यातला डेंग्यू, काहीही असू शकतं. बरं वाटल्यावर किमान दोन आठवडे थांबून पुन्हा करा. एरवीही दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी घेणं चांगलं. उपाशीपोटी जायची गरज नाही. लठ्ठपणा, सिगारेट, हिरड्यांचा आजार आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही आकडा चढतो.

सगळ्यात जास्त घोळ काउंटरवरच होतो. नुसतं 'सीआरपी' सांगितलं तर साधी चाचणी होते आणि रिपोर्टात '५ पेक्षा कमी' असं छापून येतं. हृदयासाठी तो रिपोर्ट निरुपयोगी, कारण आपल्याला हवा तो फरक ५ च्या खालीच आहे. 'एचएस' लिहून घ्या. एककही पाहा: डेसिलिटरमागे ०.३ म्हणजेच लिटरमागे ३.

खरा फायदा त्यांना, ज्यांचं एलडीएल मध्यम आहे, घरात लवकर अटॅक आलेले आहेत आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू करावं की नाही यावर डॉक्टरही अडले आहेत. २००८ च्या ज्युपिटर अभ्यासात एलडीएल डेसिलिटरमागे १३० मिलिग्रॅमच्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेल्यांना रोज २० मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन दिलं, तेव्हा अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. स्टेंट आधीच बसलेल्यांना स्टॅटिन द्यायचंच असतं; त्यांचा तो निर्णय या चाचणीवर अडत नाही. आणि छातीत दुखत असेल तर ही चाचणी नाहीच: १०८ ला फोन, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी).

पॅकेजमधल्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर दिसल्या तर त्यावरून हृदयाचं भाकीत करू नका. अटॅकनंतर मात्र न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी काही तासांतच मेलेल्या स्नायूकडे धावतात, त्यामुळे तेव्हा वाढलेल्या पेशी म्हणजे संसर्गच, असं नसतं.

आकडा जास्त आला म्हणून दाह उतरवायला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. या गोळ्यांनीच अटॅकचा धोका वाढतो. थेट दाहावर मारा करून अटॅक कमी होतात, हे २०१७ च्या कॅन्टोस अभ्यासात दिसलं: एलडीएल न हलवता कॅनाकिनुमॅब या दाह रोखणाऱ्या इंजेक्शनने घटना सुमारे १५ टक्के कमी केल्या, पण जीवघेणे संसर्गही वाढले. कॉल्चिसिन या गाउटवरच्या जुन्या दाहशामक औषधाचे निकाल आतापर्यंत उलटसुलट आहेत. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते अंगात साचून विषारी ठरतं, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध ते नाही.