आठ महिन्यांनंतर : ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि त्याची ताठ वायर

मुठीवर तापमानाची चकती असलेले ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न (सर्किटचे भाग सोल्डर नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून जोडण्याचे साधन) मी गेल्या जूनमध्ये पुण्यात, पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून साडेसहाशे रुपयांना घेतले. मागच्या आठवड्यात एका जुन्या रेडिओचे काम अर्ध्यावर असताना ते थंड पडले. हीटर शाबूत होता, चकतीही ठीक होती. मुठीतून वायर बाहेर येते त्या ठिकाणी सतत वाकून आतली तांब्याची तार तुटली होती. हमी एक वर्षाची असल्यामुळे मी सेवाकेंद्राला फोन केला. वायर हा झिजणारा भाग असल्याने ती हमीत बसत नाही, असे उत्तर मिळाले आणि नवे आयर्न घेण्याचा सल्लाही मिळाला. तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापणाऱ्या साधनाला सत्तर अंशांच्या आसपासच टिकणारी पीव्हीसीची वायर जोडायची आणि ती खराब झाली की ग्राहकाच्या वापराला दोष द्यायचा, हे मला मुळीच पटलेले नाही.

या वायरीबद्दल माझी तक्रार ती तुटण्याच्या फार आधीची आहे. ती इतकी ताठ होती की आयर्न हातात धरले तरी ते तिच्या पिळाच्या दिशेने वळत असे. चाळीस पिनांची हेडरपट्टी जोडताना याचे फारसे काही वाटत नाही. पण ज्या चिपच्या पायांमध्ये जेमतेम ०.६५ मिमी अंतर असते, तिथे मनगटावर येणारा एवढासा ताणही बिटाला, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकाला, शेजारच्या पायावर नेऊन ठेवतो. डिसेंबरच्या थंडीत ती आणखी कडक झाली आणि दोनदा तिने आयर्न स्टँडवरून खाली ओढले. एकदा बिट वायरीलाच टेकले आणि वरचे आवरण क्षणात वितळले. आतली तार उघडी पडली नाही, हे नशीब. खरेदी करताना आपण वॅट पाहतो, तापमानाची मर्यादा पाहतो, सोबत किती बिटे मिळतात ते मोजतो; वायर बोटांत धरून वाकवून पाहावी असे मला दुकानात सुचलेच नाही, आणि आज मी सर्वांत आधी तेच पाहीन.

पहिल्या दोन महिन्यांत मात्र माझे मत अगदी वेगळे होते. तेव्हा मला चकतीचे मोठे कौतुक होते आणि सांधा नीट बसला नाही की मी ती ४०० च्या पुढे नेत असे. पीसीबीवरील (सर्किटच्या पाटीवरील) ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेली पिन तरीही तापत नसे, फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून असणारा पदार्थ) जळून जाई आणि बिट काळे पडून सोल्डर धरेनासे होई. चूक सोबत आलेल्या टोकदार बिटाची होती, आणि ते बदलण्याऐवजी तापमान वाढवणाऱ्या माझी होती. सुईसारख्या टोकाचा पिनेशी स्पर्शच इतका थोडा होतो की उष्णता पुरेशी पोहोचत नाही. ९०० एम प्रकारचे २.४ मिमीचे चपटे बिट बसवल्यावर तीच पिन चकती ३३० वर असताना दोन-तीन सेकंदांत भरू लागली. ६३/३७ प्रमाणाचे कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळते. अडचण तापमानाची नव्हतीच. काळ्या पडलेल्या पहिल्या बिटाला मी पॉलिश पेपर मारला होता, तोही नुकसानीचाच उद्योग ठरला, कारण वरचा लोखंडाचा पातळ थर गेला की आतले तांबे सोल्डरमध्ये विरघळू लागते. आता पितळी काथ्यावर पुसतो आणि बंद करण्यापूर्वी टोकावर ताजे सोल्डर चढवून ठेवतो. दुसरे बिट सहा महिने झाले तरी चकचकीत आहे.

सेवाकेंद्राचा सल्ला बाजूला ठेवून मी बाजारातून तीन तारांची सिलिकॉनची वायर आणली. तीनच तारांची घेण्याला कारण होते. मूळ प्लग दोन पिनांचा होता आणि आयर्न चालू असताना बिट व अर्थिंग यांच्यामध्ये मल्टिमीटर ८० व्होल्टच्या आसपास एसी दाखवत असे. ही गळती फार थोड्या प्रवाहाची असली तरी मॉस्फेटच्या (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या) गेट या नाजूक टोकाला ती घातक ठरू शकते. प्लग काढलेला असताना मूठ उघडली, दोन तारा मूळ जागी जोडल्या आणि तिसरी बिटाला धरणाऱ्या धातूच्या नळीच्या मागच्या कडेला स्क्रूने आवळली. तिथे सोल्डर केले असते तर ते उष्णतेने सुटले असते. वायर मुठीत ओढली जाऊ नये म्हणून जुनाच पकड-क्लिप वापरला. तीन पिनांच्या प्लगवर लावून पुन्हा मोजले तेव्हा आकडा शून्याजवळ होता.

आणि हातातला फरक! सिलिकॉनची वायर दोरीसारखी लोळून पडते, आयर्न जिथे धरावे तिथेच राहते, आणि बिट चुकून टेकले तरी आवरणावर फिकट डाग पडण्यापलीकडे काही होत नाही. एका मित्राचे यूएसबी-सीवर चालणारे पाइनसिल नावाचे आयर्न मी मध्यंतरी आठवडाभर वापरले होते. ते काही सेकंदांत तापते आणि बिटातच हीटर व तापमापक असल्याने जड सांध्यावरही लवकर सावरते. पण योग्य चार्जर व मऊ केबल धरून खर्च माझ्या आयर्नच्या कितीतरी पट होतो, आणि दोन पिनांच्या चार्जरवर अर्थिंगचा प्रश्न तिथेही राहतो. महिन्याला दोन-तीन छोटी सर्किटे करणाऱ्या माझ्यासारख्याला तो खर्च आज परवडणारा वाटत नाही.

रेडिओचे उरलेले काम रविवारी पूर्ण झाले. वायर, प्लग आणि चपटे बिट मिळून २९० रुपये लागले.