हॉपरला दार, मधे पडदा की साधी स्मोक ट्यूब? पेलेट ग्रिलमध्ये लाकूड बदलण्याचे पर्याय, कोल्हापूरच्या हिशेबानं

पेलेट ग्रिल भुसा दाबून केलेल्या लाकडाच्या बारीक कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालतं. ते साठवायच्या पेटीत, म्हणजे हॉपरमध्ये, अर्धं पोतं हिकरी (तीव्र धुराचं अमेरिकी लाकूड) भरलेली असते आणि त्याच दिवशी चिकनला सफरचंदाचे पेलेट हवेसे वाटतात. वाडग्यानं आठ-नऊ किलो माल उपसायचा, तळातला हातानं कोरायचा, पुन्हा नवा भरायचा, हे दोनदा केलं की ग्रिललाच काहीतरी करून घ्यावं असं वाटू लागतं. करण्यासारखं बरंच आहे: हॉपरच्या तळाशी माल काढायचं दार, हॉपरचे दोन कप्पे करणारा पडदा, आत बसणारं छोटं नरसाळं, किंवा ग्रिलला हातही न लावता वेगळी जळणारी स्मोक ट्यूब. यातलं काय निवडायचं हे कोल्हापुरात चवीपेक्षा पावसावर जास्त ठरतं.

आधी एक साधा हिशेब. हॉपर रिकामा केला म्हणजे लाकूड बदललं असं होत नाही. हॉपर आणि फायरपॉट (पेलेट जळतात ते भांडं) यांच्यामध्ये ऑगरची, म्हणजे पेलेट पुढं ढकलणाऱ्या फिरत्या स्क्रूची, नळी असते आणि तिच्यात साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम पेलेट अडकलेले असतात. १०७ अंश सेल्सिअसला (म्हणजे अमेरिकी पाककृतींमधलं २२५ फॅरनहाइट) ग्रिल तासाला अर्धा किलोच्या आसपास जाळतं. म्हणजे नवा माल टाकल्यावरही जवळपास अर्धा तास जुन्याच लाकडाचा धूर येतो. यावर उपाय सोपा: मांस आत ठेवण्याआधी तापमान २०० अंशांवर न्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटं चालवायचं. तिथं जळण तासाला किलोभर किंवा जास्त लागतं, नळी लवकर मोकळी होते. मग तापमान खाली आणायचं.

दुसरी गोष्ट, मांस धूर धरतं ते मुख्यतः सुरुवातीला, पृष्ठभाग थंड आणि ओलसर असताना. आतल्या मांसाची गुलाबी कडा तर साधारण ६० अंशांच्या पुढं वाढतच नाही. त्यामुळं 'पहिले दोन तास हिकरी, नंतर चेरी' असले बेत कागदावर छान दिसतात, ताटात त्यांचा पत्ता लागत नाही. शिवाय सफरचंद किंवा चेरी लिहिलेल्या बऱ्याच पोत्यांत मूळ माल ओक किंवा आल्डरचा असतो आणि नावाचं लाकूड त्यात मिसळलेलं असतं. आणि कांदा-लसूण चटणी चोळलेल्या बकऱ्याच्या मांडीत सफरचंद आणि चेरी यांतला फरक ओळखणारा माणूस विरळाच. फरक कळतो तो मीठ-मिरी लावलेल्या चिकनमध्ये, पनीरमध्ये, चीजमध्ये.

स्मोक ट्यूब

सगळ्यात स्वस्त आणि फक्त चवीसाठी लाकूड बदलायचं असेल तर सगळ्यात शहाणा पर्याय. हॉपरमध्ये कायम ओकसारखा मवाळ माल ठेवायचा, तो फक्त उष्णतेसाठी. हवं ते लाकूड ट्यूबमध्ये. भोकांची स्टेनलेस नळी, ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर व्यासाची असेल तर तिच्यात पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास पेलेट बसतात आणि चार तासांच्या जवळपास धूर मिळतो. १५ सेंटिमीटरची त्याच्या निम्मी.

तोंडाशी दोन-तीन सेंटिमीटर जागा रिकामी ठेवा, ठोकून भरू नका. गॅस टॉर्चनं एक टोक मिनिटभर तापवा, ज्योत पाच ते दहा मिनिटं जळू द्या, मग फुंकून विझवा. फक्त निखारा राहिला पाहिजे. ट्यूब चिमणीच्या विरुद्ध बाजूला आडवी ठेवली की धूर मांसावरून जातो. मधेच विझली तर दहापैकी नऊ वेळा पेलेट दमट असतात.

उणीव एकच, पण मोठी: ट्यूबमधलं लाकूड धुमसतं, फायरपॉटसारखं स्वच्छ जळत नाही. धूर पांढरा आणि दाट. चिकनला पूर्ण भरलेली ट्यूब लावली तर कडवटपणा येतो, अर्धीच भरा. मेस्किट (आणखी तीव्र धुराचं अमेरिकी लाकूड) तर त्याहून कमी. आपल्याकडची वेडी बाभूळ मेस्किटच्याच कुळातली आहे. तिच्या वाळलेल्या, साल काढलेल्या बारीक ढलप्या मूठभर मिसळायला हरकत नाही, त्याहून जास्त नको. नळी स्थानिक कारागिराकडून करून घेणार असाल तर ३०४ स्टेनलेसच सांगा. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा आगीजवळ कधीच नको.

तळाचं दार

बदल करायचाच असेल तर हा. कारण लाकूड बदलणं हा त्याचा निम्माच उपयोग. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की हॉपरमध्ये राहिलेले पेलेट हवेतलं पाणी शोषून फुगतात, चकाकी जाते, बोटांत चुरडले की भुसा होतो. तो भुसा ऑगरमध्ये दाबला गेला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. मग मोटर गुणगुणते पण ऑगर फिरत नाही, किंवा शिअर पिन (ताण वाढला की मोटर वाचवायला आधी तुटणारी खीळ) तुटते, आणि सगळं खोलून स्क्रू ठोकून बाहेर काढावा लागतो. फुगलेले पेलेट पुन्हा वाळवून उपयोग होत नाही. पावसाळ्यात प्रत्येक वापरानंतर हॉपर रिकामा करणं हाच इलाज, आणि दार असेल तर ते दोन मिनिटांचं काम होतं. वाडग्यानं करायचं असेल तर तिसऱ्या वेळी कुणी करत नाही.

काढलेला माल घट्ट झाकण असलेल्या, पेंटच्या वीस लिटरच्या बादलीत (धुऊन, पूर्ण वाळवलेल्या) तेरा किलोपर्यंत मावतो. एका लाकडाला एक बादली, झाकणावर नाव.

दार कुठं कापायचं हे आधी ग्रिलचा प्लग काढून, हॉपर रिकामा करून पाहा. हॉपरच्या उतरत्या तळाचा सर्वांत खालचा भाग ऑगरच्या तोंडाशी असतो. दाराची खालची कड त्या पातळीला आली पाहिजे. दोन इंच वर गेली तर किलोभर माल खाली राहतोच. पुढच्या बाजूला सहसा कंट्रोलर असतो, म्हणून मागची किंवा बाजूची भिंत. आतला हॉपर आणि बाहेरचं आवरण हे दोन वेगळे पत्रे असतात आणि मधल्या पोकळीत मोटर, पंखा आणि वायरी असतात. फक्त दोन्ही पत्र्यांना भोक पाडलं तर पेलेट वायरींवर पडतील. म्हणून दोन्ही पत्र्यांच्या मध्ये ६५ बाय ६५ मिलिमीटरचं चौकोनी नळकांडं लागतं, निदान ४५ अंश उताराचं. त्याहून सपाट केलं तर पेलेट घसरत नाहीत.

तोंड ५० मिलिमीटरपेक्षा लहान नको. पेलेट ६ मिलिमीटर जाड असले तरी काही तुकडे २५-३० मिलिमीटर लांब असतात आणि अरुंद तोंडात आडवे बसून कमान धरतात. आधी चारही कोपऱ्यांवर ८ मिलिमीटरची भोकं, मग १ मिलिमीटरच्या कटिंग व्हीलनं सरळ काप. गॅस कटिंग नको, रंग जळतो आणि पत्रा वाकतो. कापण्याआधी ऑगरच्या तोंडात फडकं ठासून भरा; लोखंडाचा कीस आत गेला तर स्क्रू आणि नळी दोन्हींवर ओरखडे पडतात. कडा कानशीनं साफ करा. ऑगरच्या तोंडात बोट जाऊ नये म्हणून कंपनीनं बसवलेली जाळी मात्र काढून टाकू नका.

सरकतं दार १.५ मिलिमीटरच्या ३०४ स्टेनलेसचं, भोकापेक्षा चारही बाजूंनी १२ मिलिमीटर मोठं. दोन्ही बाजूंना दुमडलेल्या खाचा, फट अर्धा मिलिमीटर. खाचांची खालची टोकं उघडी ठेवायला सांगा, नाहीतर भुसा साचून महिनाभरात दार अडकतं. पंख्याच्या कंपनानं ते आपोआप सरकू नये म्हणून विंग नट. आतल्या बाजूला रिव्हेटची डोकी बाहेर आलेली चालत नाहीत, पेलेट तिथंच अडतात. काउंटरसंक स्क्रू (डोकं पत्र्याशी सपाट बसणारे) वापरा. दारामागं फायबरग्लासची पट्टी लावणं ऐच्छिक वाटतं, पण लावाच. हॉपरला फट राहिली तर धूर आणि उष्णता ऑगरमधून उलटी हॉपरकडे ओढली जाते, आणि आग मागं सरकायला तेवढं पुरतं.

उद्यमनगरातल्या कुठल्याही चांगल्या पत्रेकामवाल्याला हे एका दुपारचं काम आहे. पुठ्ठ्याचा साचा कापून, हॉपरमध्ये बसवून पाहून मगच तो न्या. तोंडी माप सांगून केलेलं नळकांडं बसत नाही.

दोन कप्प्यांचा पडदा

दिसायला सगळ्यात आकर्षक. हॉपरच्या मध्ये पत्रा, दोन्ही कप्प्यांना खाली वेगळं सरकतं दार, हवं ते उघडायचं. अडचण भूमितीची आहे. हॉपरचा उतार एकाच तोंडाकडे काढलेला असतो. मधे पडदा आला की एका कप्प्याचा उतार मंद होतो आणि त्यातला माल तोंडाशी कमान धरून थांबतो. वरून हॉपर भरलेला दिसतो, खाली फायरपॉट उपाशी. मग आग विझते, कंट्रोलर तापमान पडलं म्हणून ऑगर फिरवत राहतो, कमान कोसळते आणि फायरपॉटमध्ये ढीग पडतो. तो ढीग पुन्हा पेटवला तर आधी झाकणाखाली दाट धूर जमतो आणि नंतर एकदम भडका उडतो. पेलेट ग्रिलमधले बरेचसे अपघात या एका साखळीतून होतात. म्हणून नियम असा की आग विझली तर पुन्हा चालू करण्याआधी फायरपॉट रिकामा करायचाच, आणि पेटवताना झाकण उघडं ठेवायचं.

त्यात दोन दारांच्या खाली सामाईक गळा उरतो, त्यात तीनशे ग्रॅम माल, शिवाय ऑगरमधला. बदल ताटापर्यंत पोहोचायला १०७ अंशांवर तासाच्या पुढं जातं. बदलताना जुनं दार बंद करून वाट पाहू नका. गळा अर्धा रिकामा असतानाच नवं उघडा. मिसळ झाली तर चालते, खंड चालत नाही.

दिवसभर ग्रिल चालवणाऱ्या केटररला, दोन्ही कप्पे ४५ अंशांचे करून नवीन हॉपरच बनवायची तयारी असेल तर हा पर्याय जमेल. घरगुती ग्रिलला नाही.

आत बसणारं नरसाळं याचा छोटा भाऊ: किलो-दीड किलोच मावेल असा पत्र्याचा शंकू हॉपरमध्ये उतरवायचा. कापाकापी नाही, काढायला सोपं, नवीन लाकूड चाखून पाहायला उत्तम. पण १०७ अंशांवर दोन-अडीच तासांनी भरावं लागतं, आणि विसरलात की वरची विझण्याची गोष्ट.

स्वस्त माल आणि वीज

पेलेट बदलता येऊ लागले की लोकांची नजर भट्ट्यांसाठी मिळणाऱ्या स्थानिक पेलेटकडे जाते. ते ग्रिलमध्ये नकोत. त्यातला बराच माल ८ मिलिमीटरचा असतो, ६ मिलिमीटरसाठी बनवलेल्या ऑगरमध्ये अडतो. प्लायवूड-एमडीएफच्या भुशात रेझिन असतं. भाताच्या तुसाची राख तर १५ ते २० टक्के, जिथं चांगल्या लाकडी पेलेटची एक टक्क्याच्या आत. शेतमालाच्या राखेत पोटॅश आणि सिलिका जास्त, ती वितळून फायरपॉटमध्ये खडे धरतात आणि हवेची भोकं बुजवतात. गुऱ्हाळाच्या चुलवणाला चिपाड शोभतं, त्याचे पेलेट ग्रिलला नाही.

अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं ग्रिल असेल तर आणखी एक गोष्ट. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. एसी गिअर मोटर ५० हर्ट्झवर साधारण एक षष्ठांश हळू फिरते, म्हणजे तेवढेच पेलेट कमी पडतात. पीआयडी कंट्रोलर (तापमान पाहून पेलेट आपोआप कमी-जास्त करणारा) हे सांभाळून घेतो. जुन्या 'पी' सेटिंगच्या कंट्रोलरवर (पी चा आकडा जितका मोठा तितका ऑगर जास्त वेळ बंद), जिथं ऑगर पी-२ ला १५ सेकंद चालू आणि ६५ सेकंद बंद असतो, तिथं एक आकडा खाली यावं लागतं. हलक्या लाकडालाही तेच. ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टच देत असेल तर इग्नायटरला (पेलेट पेटवणारी तापती कांडी) १२० च्या तुलनेत ८४ टक्केच शक्ती मिळते, पेटायला वेळ लागतो. घाईनं दुसऱ्यांदा पेलेट सोडू नका.

बदल झाल्यावर पहिली चाचणी आग न लावता: हॉपरमध्ये दोन किलो टाका, फीड मोडवर ऑगर दहा मिनिटं चालवा, फायरपॉटमध्ये पडलेला माल काढून तोला. प्रत्येक लाकडासाठी हा आकडा बादलीवर लिहून ठेवा. मग दार उघडून उरलेला माल खाली सोडा आणि आत किती राहिला ते पाहा. मूठभरापेक्षा जास्त असेल तर दाराची कड वर गेली आहे. पेटतं ग्रिल बंद केल्यावर माल सोडताना आधी हॉपरच्या तळाला हात लावून पाहा. कोमट लागला तर खाली प्लास्टिकची नव्हे, पत्र्याची बादली ठेवा.