‘ए-टू’ दूध आणि पाकिटावरचा मधुमेहाचा दावा

‘ए-टू’ म्हणून विकले जाणारे एका कंपनीचे गायीचे दूध आम्ही काही काळ घरी वापरले. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढचे आक्षेप तसाच दावा करणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतात. दूध म्हणून त्यात खोट काढण्याजोगे काही नाही. ते तापवताना नासत नाही, साय बऱ्यापैकी धरते, दही घट्ट लागते आणि चवीवरून ते साध्या गायीच्या दुधापेक्षा वेगळे ओळखता येईल असे मला तरी वाटत नाही. प्रश्न आहे तो पाकिटावरच्या ‘मधुमेहाचा धोका टाळणारे दूध’ या ठळक ओळीचा. साध्या दुधापेक्षा जे जास्तीचे पैसे मोजावे लागतात, ते मुख्यतः या ओळीपोटीच.

या दाव्यामागे काहीच नाही असेही नाही. गायीच्या दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचे ए-वन आणि ए-टू असे दोन प्रमुख प्रकार आहेत. त्याच्या साखळीत ६७व्या जागी ए-वनमध्ये हिस्टिडीन, तर ए-टूमध्ये प्रोलीन हे अमिनो आम्ल असते आणि एवढ्या फरकामुळे ए-वन पचताना बीसीएम-७ नावाचा सात अमिनो आम्लांचा तुकडा अधिक सहज सुटा होतो. सारा संशय या तुकड्यावर आहे. ए-वन दूध अधिक प्यायले जाणाऱ्या देशांत लहान मुलांमधील टाइप-१ मधुमेहही अधिक आढळतो, असे न्यूझीलंडमधील एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये मांडले. मात्र ही तुलना देशांच्या सरासरींची होती, आणि दोन देशांत दुधाखेरीज आनुवंशिकतेपासून हवामानापर्यंत इतके काही वेगळे असते की एवढ्यावरून दुधाला दोषी ठरवता येत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २००९मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन बीसीएम-७ आणि अशा आजारांमध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचे म्हटले.

याहून थेट परीक्षा ‘ट्रिगर’ या चाचणीने घेतली, जरी तिचा विषय ए-वन-ए-टू हा भेद नसून एकूणच गायीच्या दुधातील प्रथिने हा होता. जवळच्या नातलगाला टाइप-१ मधुमेह असलेली आणि जनुकीयदृष्ट्या जोखमीची २,१५९ अर्भके १५ देशांतून निवडण्यात आली. स्तनपानाला पूरक म्हणून काहींना प्रथिने आधीच बारीक तोडलेली दूधपावडर, तर इतरांना नेहमीच्या पद्धतीची पावडर देण्यात आली. २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पहिल्या गटात ८.४ टक्के, तर दुसऱ्या गटात ७.६ टक्के मुलांना मधुमेह झालेला होता. म्हणजे प्रथिने तोडून लाभ काहीच झाला नाही.

आता हे पाकीट विकत घेतो कोण? बहुधा चाळिशी ओलांडलेला आणि वाढत्या साखरेची धास्ती घेतलेला माणूस. त्याला भीती टाइप-२ मधुमेहाची असते आणि त्या आजाराची घडण पूर्ण निराळी आहे. टाइप-१मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. टाइप-२मध्ये शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि पुढे ते पुरेसे तयारही होत नाही. मी कंपनीला दाव्याचा आधार विचारला, तेव्हा उत्तरादाखल आलेले पत्रक सगळे लहान मुलांच्या टाइप-१ मधुमेहाविषयीचे होते. माझा मुख्य आक्षेप या सरमिसळीला आहे.

टाइप-२बाबत साध्या दुधाची बाजू काही वाईट नाही. पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातील नैसर्गिक साखर, असते; त्याने रक्तातील साखर सावकाश वाढते, मात्र दुधातील प्रथिनांमुळे इन्सुलिन त्या मानाने बरेच अधिक स्रवते. दीर्घकाळ चाललेल्या निरीक्षणांत दूध पिणाऱ्यांमध्ये धोका वाढल्याचे सर्वसाधारणपणे दिसलेले नाही, आणि दह्याच्या बाबतीत तो थोडा कमीच आढळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४मध्ये आठवड्याला किमान दोन कप दह्याविषयी तसे लिहायला परवानगी दिली, तीही पुरावा मर्यादित असल्याचे नमूद करण्याच्या अटीवर. (दही आवडीने खाणारे लोक बाकीचा आहारही बहुधा सांभाळतात, हे अशा निरीक्षणांत पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.) यातले काहीही मिळवण्यासाठी दूध ए-टूच हवे असे नाही.

पाकिटाच्या मागच्या बाजूला, डोळे बारीक करून वाचावे लागणाऱ्या तक्त्यात, दर १०० मिलिलिटरमागे शर्करा ४.७ ग्रॅम आहे. साध्या दुधाच्या पाकिटावरही जवळपास हाच आकडा असतो, तेव्हा मधुमेह असलेल्याने या दुधाचा हिशेब नेहमीच्या दुधासारखाच धरावा. साधे दूध पोटाला जड जाणाऱ्या काहींना ए-टू सोसते असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. त्या कारणासाठी कोणी ते घेत असेल तर माझी हरकत नाही. याच कंपनीच्या सुगंधी दुधाच्या बाटलीपासून मात्र दूर राहावे, कारण तिच्या घटकांच्या यादीत दुधाच्या पाठोपाठ साखर आहे आणि दर्शनी बाजूला मधुमेहाची तीच ओळ छापलेली आहे.