पी. एस. आय लव्ह यू : रडवते, पण मधात थोडी लांबते

नागपूरले बर्डीवर जुन्या पुस्तकाच्या ठेल्यावरून 120 रुपयाले आणली ही कादंबरी, घरी येऊन पाहते तर मधातली दोन पानं सुटी. ठेलेवाल्यानं एकदम मस्त कंडिशन म्हणून दिली होती, जाऊ द्या. इंग्रजी आहे, आणि माझं इंग्रजी म्हणजे झेडपीच्या शाळेत चौथीले शिकवण्यापुरतं, त्यामुळे एका हातात मोबाईलची डिक्शनरी अन् एका हातात पुस्तक असं करत दीड महिना लागला. सोपी आहे तशी, बोलल्यासारखं लिहिलंय.

लिहिणारी सेसिलिया अहर्न, आयर्लंडची. लिहिली तेव्हा पोरगी 21 वर्षांची होती अन् बाप तिकडचा पंतप्रधान. पुस्तक 2004 चं, 2007 मध्ये सिनेमाही आला पण त्यात गोष्ट बरीचशी अमेरिकेत नेऊन ठेवलीय, मले पुस्तकच आवडलं. गोष्ट अशी की हॉलीचा नवरा जेरी ब्रेन ट्यूमरनं तिशीतच जातो, आणि जाण्याआधी तिच्यासाठी मार्च ते डिसेंबर अशी दर महिन्याची एक, दहा पत्रं लिहून ठेवतो. पाकिटावर लिहिलंय 'द लिस्ट'. दर महिन्याले एकच उघडायचं. पत्राच्या शेवटी 'पी. एस. आय लव्ह यू', म्हणजे ता. क., माझं तुझ्यावर प्रेम आहे.

पहिल्या पत्रात तो काय म्हणतो, तर पलंगाजवळ ठेवायले एक दिवा घे. कारण रोज रात्री लाईट कोणी बंद करायचा यावरून दोघांचं भांडण अन् अंधारात परत येताना हिचा पाय आपटायचा. एवढंच. मी तिथंच पुस्तक मिटलं अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आमच्याकडे रात्रीची लाईन आली की हे उठायचे मोटर चालू करायले, मी कूस बदलून झोपून जायची. हे गेल्यावर पहिल्या हंगामात बॅटरी घेऊन मी एकटी गेली विहिरीवर, स्टार्टर दाबला तर मोटर नुसती घूं घूं करून राहिली, फिरेच ना. लिस्ट आमच्या यांनीही ठेवली होती म्हणा, हिशोबाच्या वहीत. कृषी केंद्राची उधारी, वेचणीच्या बायांचे राहिलेले पैसे, आणि शेवटच्या पानावर 'मोटरचा केपॅसिटर बदलणे', तो खराब झाला की मोटर अशीच घूं घूं करते. खाली पी. एस. बीएस काही नाई. हसू आलं मले तेव्हा, खरंच हसू आलं.

तर दुःखाचं हे बारीकसारीक लेखिकेनं भारी पकडलंय, 21 व्या वर्षी हे कसं समजलं तिले काय माहीत. मधात मात्र पुस्तक लय रेंगाळते. मैत्रिणी घेऊन समुद्राकाठी फिरायले जाणं, पब, कराओके, पुन्हा पब, अर्धं पुस्तक बाया पिऊनच आहेत. आणि डॅनियल म्हणून एक भला माणूस येतो, वाटते आता जमलं, पण हॉली त्याले मित्रच मानते. आधी मी चिडली, मग पटलं, भला आहे म्हणून लगेच गळ्यात घालायचा असं थोडंच आहे.

मले खटकलं ते वेगळंच. हॉलीले सासर म्हणून कोणी आहे हे जवळपास जाणवतच नाई, तिचं सगळं भांडण स्वतःच्या मनाशी. इथं मनाचा नंबर लागायच्या आधी दीर, जाऊ, भाऊकी, पोराचं नाव अन् शेताचा सातबारा असते. 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला, मग शासनाचं परिपत्रक निघालं, आमच्याही ग्रामसभेत वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना हलवल्या, अन् संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मले बोलावणं नाहीच. दुसरं म्हणजे शेवटच्या पत्रात जेरी लिहितो की पुन्हा प्रेम करायले भिऊ नको. छान आहे, मी रडली, पण तेही नवऱ्यानंच लिहून द्यावं लागते का? नसतं लिहिलं तर बाईनं काय करायचं होतं?

पाचपैकी साडेतीन स्टार.

सध्या दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी हीच गोष्ट सासूबाईले अन् जावेले सांगून राहिली, एका बैठकीत एकच पत्र. सासूबाई बसल्याबरोबर विचारतात, "आज कोणता महिना व माय?" दिव्याचं पत्र त्यायले फार आवडलं, म्हणे समजदार होता पोरगा. परवा मधातच म्हणाल्या, "मंग तिनं पाट लावला का नाई?" मी म्हटलं, आई, थांबा, अजून लय पत्रं आहेत. डिसेंबरचं पत्र त्यायच्यापुढं कसं वाचायचं हे मले सुचून नाई राहिलं. आता सप्टेंबरचं पत्र चालू आहे.