उंबेर्तो इकोच्या तीन रहस्यकथा, आणि माझी फसलेली पहिली खरेदी

आधी कामाचं सांगते. इकोची 'द मिस्टीरियस फ्लेम ऑफ क्वीन लोआना' ही कादंबरी घ्यायची असेल तर फुटपाथवरची अडीचशेवाली कॉपी अजिबात घेऊ नका. मी घेतली, इथेच नाशिकमध्ये, घरी येऊन उघडली तर मधली सोळा पानं दोनदा आणि त्याच्या पुढची सोळा गायब, आणि चित्रं सगळी काळी ढब्ब. अहो हे पुस्तकच चित्रांचं आहे, जुन्या कॉमिक्सची पानं, पुस्तकांची कव्हरं, जाहिराती, स्टॅम्प, बरीचशी रंगीत, आणि गोष्टीतल्या माणसाला आपली गेलेली आठवण त्या चित्रांतूनच शोधायचीये, मग तीच दिसत नसतील तर वाचायचं काय. शेवटी ओरिजिनल मागवली, तिप्पट पैसे गेले, पण त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. नकली ओळखायची खूण म्हणजे अक्षरांच्या कडा बघा, स्कॅन करून छापलेलं असतं त्यामुळे त्या फुटक्या दिसतात, आणि पान उजेडाकडे धरलं की मागची शाई ढळढळीत दिसते.

इको म्हणजे मुळात प्रोफेसर माणूस, इटलीत बोलोन्या विद्यापीठात शिकवायचा, खुणा आणि चिन्हांचा अर्थ कसा लागतो हा त्याचा विषय. जन्म १९३२चा आणि पहिली कादंबरी आली १९८०ला, म्हणजे पन्नाशीला टेकल्यावर. २०१६मध्ये गेला. मिलानच्या घरात तीस हजारांच्या आसपास पुस्तकं होती आणि त्यातही दुर्मिळ पुस्तकं जमवताना त्याचा ओढा खोटं सांगणाऱ्या, चुकीचं ठरलेल्या पुस्तकांकडे. हे कळल्यावर मला त्याच्या कादंबऱ्या जास्त कळायला लागल्या. खून कुणी केला हे तो सांगतोच, पण त्याचा जीव अडकलेला असतो दुसरीकडे, की एखाद्या कागदावर आपण विश्वास का ठेवतो.

तिघांत माझी सगळ्यात लाडकी लोआनाच (२००४). याम्बो नावाचा साठीला आलेला मिलानचा जुन्या पुस्तकांचा व्यापारी हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर येतो तेव्हा त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, बायको मुली कुणीच आठवत नाहीत, पण आयुष्यात वाचलेलं सगळं तोंडपाठ. नेपोलियन कोण ते सांगतो, कविता म्हणतो, धुक्यावरच्या तर ढीगभर ओळी म्हणतो, आणि दात घासताना टूथपेस्टची चव तोंडात पसरते ती जणू जन्मात पहिल्यांदाच घेतोय अशी, ते अर्धं पान मी दोनदा वाचलं. बायको त्याला गावाकडच्या आजोबांच्या घरी पाठवते आणि तो तिथल्या माळ्यावर दिवसेंदिवस बसून लहानपणीची कॉमिक्स, शाळेची पुस्तकं, रेकॉर्डी उपसत राहतो. मुसोलिनीचा काळ, त्यामुळे एका बाजूला शाळेच्या पुस्तकात युद्धाचा जयजयकार आणि दुसऱ्या बाजूला कॉमिक्समधले अमेरिकन हीरो इटालियन नावं घेऊन आलेले, आणि त्या पोराने यातलं नक्की काय खरं मानलं असेल हे म्हाताऱ्या याम्बोला कळत नाही कारण कागद आहेत पण त्यावेळी आत काय वाटलं ते गेलंय.

मी हे वाचताना रडले ते आजीमुळे. आमची आजी शेवटची चार वर्षं कुणाला ओळखत नव्हती, मला रोज विचारायची, "तू कुणाची गं?" मी म्हणायचे, "आजी, मी तुझीच," तर ती बरं म्हणून मान हलवायची, परक्या माणसाशी बोलावं तशी. पण पंचवटीतल्या त्या घरात तिन्हीसांजेला दिवा लावला की रामरक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, मी मध्ये कुठे चुकले तर थांबायची, हाताने खूण करायची, परत म्हण. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं की आठवणी एकाच कप्प्यात नसतात, पाठांतर वेगळीकडे आणि माणसं वेगळीकडे, पण ते डोक्याला कळलं होतं, पोटात उतरलं ते याम्बोच्या टूथपेस्टपाशी. पुस्तकाचा शेवटचा भाग मात्र फार गर्दीचा आहे, सगळी कॉमिक्स एकदम अंगावर येतात, तिथे मला दमायला झालं. त्याआधी युद्धातली एक धुक्याची रात्र येते, तिच्यासाठी तरी तिथपर्यंत जा.

'द नेम ऑफ द रोझ' बद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, सिनेमा पण येऊन गेलाय १९८६ला. १३२७ साल, इटलीतला डोंगरावरचा मठ, एकामागून एक साधू मरतायत आणि भूलभुलैयासारख्या लायब्ररीत अ‍ॅरिस्टॉटलचं हरवलेलं पुस्तक. कॉमेडीवर त्याने लिहिलेलं, जगात कुठेच उरलेलं नाही. म्हणजे खून एका गेलेल्या पुस्तकापायी, आणि गंमत म्हणजे कादंबरीच्या सुरुवातीला इको सांगतो की १९६८ला मला एक जुनं फ्रेंच पुस्तक मिळालं त्यावरून हे लिहितोय, ते पुस्तकही त्यानेच रचलेलं. पहिली शंभर पानं कंटाळवाणी आहेत हे खरंय. छापायच्या आधीच लोकांनी त्याला ती कमी कर म्हणून सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही, त्याचं म्हणणं मठात राहायचं तर मठाच्या चालीने चालायला शिका. मी सातपूरला कंपनीच्या बसमध्ये जाता येता वाचली, रोज दहा बारा पानं, आणि त्या चालीला ते बरोबर बसलं. मध्ये मध्ये लॅटिन येतं ते सोडून द्या, प्रत्येक ओळीला मोबाईल काढलात तर पुस्तक कधीच संपणार नाही.

'द प्राग सिमेटरी' (२०१०) सगळ्यांना सांगणार नाही. सिमोनिनी हा खोटी कागदपत्रं करणारा माणूस, ट्यूरिनला एका नोटरीच्या हाताखाली शिकलेला, १८९७मध्ये पॅरिसला डायरी लिहायला बसतो कारण त्याच्या आठवणीत मध्येच भोकं पडलीयेत, आणि त्याच डायरीत दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात नोंदी सापडतात. आपल्याकडे नाशिकजवळ १९०६ला जोगळटेंभीला नहपान राजाची चांदीची नाणी सापडली ना, तेरा हजारांवर, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय, खालचा राजा पुरता जात नाही आणि वरचाही पुरता बसत नाही, तशी ती डायरी वाटते. सिमोनिनी सोडून जवळपास सगळी पात्रं इतिहासातली खरी. आणि तो जे बनवतो ते खरोखर घडलेलं, 'प्रोटोकॉल्स' नावाचा ज्यूंविरुद्धचा बनावट दस्तऐवज, १९०३ला रशियात छापला गेला, १९२१ला लंडनच्या टाइम्सने दाखवून दिलं की त्यातला मोठा भाग १८६४च्या एका फ्रेंच पुस्तकातून उचललाय ज्यात ज्यूंचा विषयच नव्हता, तरी हिटलरने वापरला. सिमोनिनीचं बोलणं इतकं विषारी आहे की मी दोनदा पुस्तक खाली ठेवलं. इकोला ते किळसवाणंच वाटायला हवं होतं हे कळतं, पण पाचशे पानं त्या माणसाच्या डोक्यात राहणं जड जातं.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही आजीच्या वर्षश्राद्धाला त्र्यंबकला गेलो. गुरुजींनी विचारलं गाव कुठलं, आडनाव काय, आणि आतून लाल बासनात बांधलेली लांबट वही आणली. पानं उलटत गेले आणि एका जागी बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, तुमचे पणजोबा." मोडीतली चार ओळींची नोंद, खाली सही, शाई तपकिरी पडलेली. मला मोडी येत नाही. तरी मी काही विचारलं नाही, डोळे भरून आले, वाकून नमस्कार केला. घरी येईपर्यंत डोक्यात सिमोनिनीच, कारण तो जगतो ते अशाच माणसांवर ज्यांना कागद खरा हवा असतो. आमची वही खरीच आहे, पिढ्यान् पिढ्या त्या घराने सांभाळलीये, पण मी ती बघून नाही, आधीच मानून बसले होते, हे मला या पुस्तकाशिवाय जाणवलं नसतं.

तर सुरुवात रोझने करा, पावसाळ्यात, घाई नसताना. मग लोआना, ओरिजिनलच. प्राग नंतर बघा, मन घट्ट असेल तेव्हा. मी सध्या काकाकडून मोडीची मुळाक्षरं गिरवतेय, पुढच्या वर्षी त्र्यंबकला त्या चार ओळी स्वतः वाचायच्यात.